पुढं कोणीतरी चाललंय

माझं माहेर कोकणातलं. तिकडे चार महिने आभाळ कोसळत असतं, आणि तरीही माणूस चप्पल घालून देवळात जातो आणि तीच चप्पल घालून परत येतो, कारण पायाखाली जांभा दगड असतो. पाणी पडतं आणि वाहून जातं. लग्न होऊन बारामतीला आले तेव्हा सगळ्यांनी मला बजावून सांगितलं की इकडे पाऊस जवळजवळ नाहीच. पहिल्याच परतीच्या पावसात मी सासऱ्यांच्या उसात गेले आणि चप्पल तिथेच ठेवून नुसते पाय घेऊन घरी आले. काळ्या रानाचा चिखल पाय धरतो, आणि धरला की सोडत नाही. तेव्हापासून माझं मत ठाम आहे की पाऊस किती पडतो ह्याला अर्थ नाही, तो कशावर पडतो ते बघावं.

हे चिखलपुराण एवढ्यासाठी की गेल्या परतीच्या पावसात आम्ही दोघं नरसिंहपूरला पायी गेलो. दोघं म्हणजे मी आणि हे. हे, म्हणजे माझे यजमान प्रभाकर, शाळेत चित्रकला शिकवायचे. मी बाजारपेठेजवळ रक्त तपासण्याची लॅब चालवायचे. आता दोघंही रिकामे आहोत. ह्यांना काचबिंदू आहे. डावा डोळा गेलेला आहे आणि उजव्यानं दिसतं ते नळीतून बघितल्यासारखं: समोरचं स्वच्छ, बाजूचं काहीच नाही. दिवाळीनंतर ऑपरेशन ठरलं होतं. आहे तेवढं टिकवायला ऑपरेशन करायचं, पण टिकेलच असं सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्याच रात्री जेवता जेवता ह्यांनी जाहीर केलं की ऑपरेशनच्या आधी कुलदैवताला जायचं, स्वतःच्या पायानं, आणि देव स्वतःच्या डोळ्यानं बघायचा.

"गाडी करू," मी म्हणाले. "सकाळी निघालो तर जेवायला घरी."

"गाडीनं आंधळासुद्धा जातो," हे म्हणाले आणि ताक मागितलं.

मी ताक वाढलं. पण अडचण मोठी होती. नळीतून बघणाऱ्या माणसाला एका वेळी एकच गोष्ट दिसते, एक तर लांबचा रस्ता, नाही तर स्वतःचे पाय. डांबरी रस्त्यावर ट्रॅक्टर आणि मोटरसायकली बाजूनं येतात, त्या ह्यांना दिसत नाहीत. आडवाटेनं जावं तर चिखल. पडून डोक्याला मार लागला तर उरलेला डोळाही जाईल, हे डॉक्टरांनी माझ्याकडे बघून सांगितलं होतं, जसं काही ह्यांना ढकलणारी मीच. तेव्हा आमचा करार ठरला. डांबरी असेल ते एसटीचं, मातीचं असेल ते आपलं. आणि मातीच्या प्रत्येक तुकड्याला कोरडी वाट शोधणं हे माझं काम.

वडगाव निंबाळकर

नरसिंहपूर पूर्वेला आणि आम्ही आधी गेलो पश्चिमेला, कारण वडगावात माझी नणंद राहते. शांतावन्संना न सांगता कुलदैवताला गेलो असतो तर जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं. शिवाय एक दिवस चालण्याचा सरावही होईल असा माझा विचार होता.

वन्संचा ऊस आहे, म्हशी आहेत, आणि खाऊ घालण्यात त्या कुणाचं ऐकत नाहीत. आल्या आल्या हुलग्याचं माडगं पुढ्यात आलं. आम्ही ज्याला कुळीथ म्हणतो तोच हा हुलगा. आमच्याकडे त्याचं झणझणीत पिठलं होतं, आणि इथे गूळ घालून पातळ, वाफाळतं माडगं करतात. इतक्या वर्षांत ते मला आवडू लागलंय, पण माहेरी मी हे कबूल करत नाही.

"वन्सं," मी विचारलं, "तुमच्याकडं कोरडी वाट कुठली हो?"

त्या भाकरी थापत होत्या, त्यांचा हात थांबला. "कोरडी? आन ती कशाला?"

"ह्यांना चालवायचंय."

"मग कॅनॉलच्या कडंनं जावा की."

कॅनॉलचा भराव मी येताना पाहिला होता. वर निसरडं गवत आणि खाली काठोकाठ पाणी. मी म्हटलं, पाण्याच्या कडेला ह्यांना नेणार नाही, दुसरी सांगा. वन्संनी भाकरी तव्यावर टाकली, उलटली, फुगू दिली, तरी काही बोलल्या नाहीत.

"हाय येक," शेवटी म्हणाल्या. "वढ्याकडं जाती. मुरमाची हाय. पर सांच्याला थांबू नगा तिकडं."

"का?"

"आसंच. म्या म्हंती म्हून."

सकाळभर पाऊस पडून गेला होता. गावातल्या रस्त्यांवर म्हशींच्या खुरांएवढी डबकी साचली होती. ती वाट मात्र लाल, टणक आणि स्वच्छ. पाणी कुठेच थांबलेलं नाही. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस, आणि वारा पडलेला असतानाही त्याची पाती एकमेकांवर घासत होती. माणूस एकही नाही. वाटेवर चुरमुरे सांडले होते, भिजून फुगलेले, आणि कडेच्या गवताला गुलाल. गणपतीची मिरवणूक इथून गेली असेल, असं मी ह्यांना सांगितलं. अर्ध्या वाटेवर सिमेंटचा एक बुटका ओटा लागला. त्यावर निळ्या रंगात लिहिलं होतं, 'विसावा'. आमच्या कॉलनीतल्या ज्येष्ठ नागरिकांच्या बागेचं नावही हेच आहे. मला ग्रामपंचायतीचं फार कौतुक वाटलं. आम्ही त्यावर ऐसपैस बसलो आणि वन्संनी दिलेल्या दशम्या चटणीशी खाल्ल्या.

"छान सोय केलीय," मी म्हणाले.

"हं," हे म्हणाले.

उठलो, आणि दहा-वीस पावलं गेलो असू. हे थांबले.

"पुढं कोणीतरी चाललंय."

मला कोणी दिसेना. वाट पुढे उसात वळत होती. "कुठे?"

"ते काय. डोक्यावरून पोत्याची खोळ घेतलीय. पांढरं पोतं, पाठीवर हिरवं काहीतरी छापलंय. हातात किटली आहे."

"दूध घालायला चालला असेल डेअरीत."

"असेल. सावकाश चाललंय. आपल्यासाठी थांबत थांबत चालल्यासारखं."

मी टाचा उंच करून बघितलं. वाट, ऊस, आभाळ. तो वळणाआड गेला असेल असं मी धरून चालले. पण एक गोष्ट मला लगेच जाणवली. इतका वेळ पाय चाचपत टाकणारे हे आता सरळ, तरुणपणासारखे चालत होते. नजर समोर लावलेली, पायांकडे लक्षच नाही. मी नुसती कोपराला धरून बरोबर जात होते. थोडं गेलो आणि अंधारून आलं, म्हणून मीच त्यांना मागे वळवलं. ते वळायला तयार नव्हते.

वन्संनी आम्हाला दारातच अडवलं. बादलीभर पाणी आणलं आणि दोघांच्या पायांवर ओतलं. मला वाटलं, चिखल धुतायत. पण पाय तर कोरडे होते, चिखलाचा ठिपका नव्हता.

"दूधवाला भेटला तुमचा," मी म्हणाले. "म्हणजे ह्यांना भेटला. डेअरीकडे चालला होता."

वन्सं भावाकडे बघत राहिल्या. "डेअरी वेशीपाशी हाय," त्या म्हणाल्या. "तिकडं काय न्हाय." मग आत गेल्या, मीठ-मोहऱ्या घेऊन आल्या आणि चौसष्ट वर्षांच्या भावाची दृष्ट काढली. हे गुपचूप पाटावर बसून राहिले.

शेळगाव

शेळगावच्या बाजूला ऊस विरळ होतो आणि माळ सुरू होतो. पाऊस झालेला माळ मी पहिल्यांदाच पाहत होते. गवत कमरेपर्यंत, त्यावर धुक्यासारखी भुरभुर, लांबवर एका मेंढपाळाची काळी छत्री, आणि मेंढरं दिसत नसताना त्यांच्या गळ्यातल्या घंटा. आवाज कुठून येतोय ते कळत नव्हतं. आम्ही उजवीकडे बघितलं की डावीकडून यायचा.

मुक्काम ह्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी होता. विद्यार्थी नोकरीला लांब, घरी त्याचे वडील, ज्यांना सगळी वस्ती आबा म्हणते, आणि आबांची बायको. आबांनी गुरुजींना खाट दिली, स्वतः पोत्यावर बसले. जेवणात पिठलं, भाकरी आणि डोळ्यांत पाणी आणणारी लसणाची चटणी. जेवण झाल्यावर मी माझा ठरलेला प्रश्न विचारला.

"आबा, उद्या पुढं निघायचंय. कोरडी वाट कुठली?"

इथेही तेच झालं. आबांनी बायकोकडे बघितलं, तिनं चुलीकडे बघितलं. मला आता ह्या गप्प बसण्याचा राग यायला लागला होता.

"काय हो, ज्याला त्याला विचारावं तर तोंडात मिठाची गुळणी! कोरडी वाट विचारली, घरातलं सोनं नाही मागितलं."

आबा हसले. "आवो बाई, सांगायला काय जातंय? पर घरी आल्याली सवाष्ण, तिला आसली वाट सांगू कशी? कोरडी वाट समद्या गावाला येकच आसती. मसणवट्याची."

"ती का?" मी विचारलं.

"जित्या माणसाच्या रस्त्यावर मुरूम पडंल न्हायतर न्हाय पडंल. पर मेल्यालं माणूस पावसाला थांबत न्हाय. झड लागली, गावात मयत झाली, आन खांदेकरी चिखलात घसरलं तर? म्हून गाव पैल्यांदा ती वाट करतं. बाकीच्या मागनं."

माझ्या डोळ्यांपुढे भिजलेले चुरमुरे आले. गुलाल आला. पायांवर ओतलेलं पाणी आलं.

"आणि तो विसावा?"

"तितं तिरडी टेकीवत्यात. खांदं बदलाय."

आम्ही तिथे बसून दशम्या खाल्ल्या होत्या. आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत, मला ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण ह्यांनी तर किती जणांना खांदा दिलेला. मी वळून बघितलं तर हे दाराबाहेरच्या पावसाकडे फार लक्ष देऊन बघत होते.

"तुम्हाला माहीत होतं!"

"वडगावलाच कळलं," हे म्हणाले. "सांगितलं असतं तर तू गाडी केली असतीस."

मी खरंच केली असती. म्हणून मी जास्तच चिडले. पण आबांचं हसू थांबलं होतं. ते पुढे सरकून बसले.

"गुरुजी, वाटंवर कुणी दिसलं का?"

"दिसलं. पुढं चाललेलं."

"हातात काय हुतं?"

"किटली."

"नीट आटवा. किटली का मडकं?"

आबांची बायको ताटं उचलता उचलता थांबली. मडकं हातात धरून तिरडीच्या पुढे कोण चालतं ते मलाही माहीत आहे, त्यासाठी स्मशानात जावं लागत नाही.

"किटली," हे शांतपणे म्हणाले. "स्टीलची. उजेड पडला की चमकत होती."

"मंग बरं हाय," आबा म्हणाले आणि तंबाखू मळायला घेतली.

मला मात्र झोप लागली नाही. भुताची भीती वाटली असती तर बरं झालं असतं, भुतांच्या गोष्टी ऐकतच मी मोठी झाले. पण मी जन्मभर काचपट्टीवरच्या थेंबात जे दिसेल तेवढंच कागदावर लिहिलं. नाही ते ह्यांना दिसायला लागलं असेल, तर काय बिघडलंय? डोळा की डोकं? नरसिंहपूरला पोचेपर्यंत तो एवढासा गोल उजेड टिकेल ना? मी देवाला पहिल्यांदाच नवस बोलले, तेही अगदी भाव करून. दर्शन होईपर्यंत राहू दे, पुढचं पुढे बघू.

सकाळी आम्ही माहीत असून त्याच वाटेनं निघालो. दुसरी नव्हतीच. माळावरून ती लाल पट्टी सरळ गेलेली, दोन्हीकडे गवत पावसानं झोपलेलं. हे एकदम झपझप चालायला लागले, तेव्हाच मला समजलं.

"आहे?"

"आहे. तेच."

मग मी एक वेडेपणा केला. ह्यांचा हात सोडला, "इथेच उभे राहा" म्हटलं आणि पुढे पळत सुटले. ह्या वयात, रेनकोट फडफडत. वाट मोकळी होती. मुरमावर पावलं उमटत नाहीत, पण कडेच्या ओल्या मातीत तरी काही दिसायला हवं होतं. काही नव्हतं. मी धापा टाकत उभी राहिले. आणि त्या उघड्या माळावर, जिथे घर नाही, गोठा नाही, तिथे मला ताज्या दुधाचा वास आला. धार काढल्यावर येतो तसा, कोमट.

"बाजूला हो!" मागून हे ओरडले. "धडकशील!"

मी बाजूला झाले. का झाले ते विचारू नका. मेंढरांची घंटा जवळच कुठेतरी वाजली. वास त्या मेंढरांचा असणार, असं मी स्वतःला सांगितलं आणि परत येऊन ह्यांचं कोपर घट्ट धरलं.

नरसिंहपूर

नीरेच्या अंगाला आलो की पुन्हा काळं रान आणि पुन्हा ऊस. शेवटच्या दिवशी पावसानं सकाळपासूनच धरलं. माझा रेनकोट वेड्या बाभळीत अडकून पाठीवर उभा फाटला, आणि आम्ही वाटेतल्या एका गोठ्यात शिरलो. गोठ्याची मालकीण पार्वतीकाकू. तिनं विचारपूस न करता आधी चहा दिला. कोपऱ्यात नुकती व्यालेली म्हैस आणि तिचं रेडकू. हे रेडकाच्या चेहऱ्याकडे बघत बसले. मास्तरांना अजूनही चेहरा दिसला की कागद आठवतो.

"नरसिंव्हाला चालला व्हय?" काकूनं विचारलं. "मग माजं येक काम करा. चिकाचं दीस सरलं. पैलं दूद देवाला गेल्याबिगार आमी तोंडाला लावत न्हाय. आन ह्यो पाऊस मला हालू दीना."

त्यांच्याकडे ती रीतच आहे. नव्या म्हशीचं दूध आधी देवाला, मग घराला. मी आनंदानं हो म्हटलं. तिनं धार काढली, दूध भरलं, झाकण घट्ट बसवलं. मग माझा फाटका रेनकोट बघून हळहळली, गोठ्याच्या वळचणीतून युरियाचं रिकामं पोतं काढलं, झटकलं, एका कोपऱ्यात दुसरा कोपरा खोचून खोळ केली आणि माझ्या डोक्यावर ठेवली. इकडच्या खोळीत आणि आमच्या बांबू-पानांच्या इरल्यात मला उबेला इरलंच बरं वाटतं, पण त्या वेळी मी खोळीला नावं ठेवली नाहीत.

"वाट कुठली धरू?" मी विचारलं, आणि काकूची चलबिचल बघून मीच म्हटलं, "मसणवट्याची ना?"

"व्हय," ती मोकळी होऊन म्हणाली. "थेट घाटावर निघती. वर लगीच देऊळ."

इथे वाट अरुंद होती. दोन्ही बाजूंना रानात पाणी तुंबलेलं, मध्ये मुरमाचा बांधासारखा उंचवटा. जोडीनं चालणं शक्यच नव्हतं. इतके दिवस मी ह्यांच्या शेजारी, कोपर धरून. आता कोण पुढे आणि कोण मागे?

"तू पुढं हो," हे म्हणाले. "मी तुझ्याकडं बघत येतो."

मी पुढे झाले. उजव्या हातात किटली, डोक्यावर खोळ. मागे वळावं तर दूध हिंदकळत होतं आणि पाय चुकायची भीती होती, म्हणून मी कानांनीच मागचा अंदाज घेत होते. ह्यांची पावलं येत होती. एकसारखी, न अडखळता. डोक्यावरच्या पोत्यावर पाऊस वाजत होता.

"सुनंदा," मागून आवाज आला. "पोत्यावर हिरवं छापलंय."

माझे पाय थांबले.

"थांबू नको. चाल. चालताना उजवा खांदा खाली जातोय तुझा."

"दुधाचं वजन आहे," मी म्हणाले.

"तूच होतीस," हे म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात भीती नव्हती, चक्क आनंद होता. "वडगावपासून. मी म्हणत होतो ना, चाल ओळखीची वाटते."

असं ते कधीच म्हणाले नव्हते. पण मला दुसरंच आठवलं. 'दूध घालायला चालला असेल' असं मी म्हणाले होते. 'तो' माझा होता. ह्यांनी एकदाही 'तो' म्हटलं नव्हतं. कोणीतरी चाललंय, थांबतंय, तेच आहे, एवढंच. अंगावर सरसरून काटा आला आणि त्याच वेळी रडूही आलं. कोणत्या कारणानं आलं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

घाट जवळ आला तशी वाट थोडी रुंद झाली. समोरून एक म्हातारी गवताचा भारा घेऊन येत होती. आम्हाला लांबूनच बघून ती कडेला झाली. भारा खाली ठेवला, पदर डोक्यावरून नीट पुढे ओढला आणि हात जोडून खाली मान घालून उभी राहिली. देवाला चाललेल्यांना इकडे फारच मान देतात, असं मला वाटलं. मी जवळ गेले तेव्हा तिनं मान वर केली, माझ्या हातातल्या किटलीकडे बघितलं, मग माझ्या आणि ह्यांच्या मागे लांबवर नजर टाकली.

"बाकीची मानसं मागं ऱ्हायली व्हय?" तिनं विचारलं.

"आम्ही दोघंच आहोत, आजी."

ती जराशी गोंधळली. मग हसली, तोंडावर हात ठेवला. "आग बाई. मला वाटलं..." काय वाटलं ते तिनं सांगितलं नाही. भारा उचलला आणि झपाट्यानं निघून गेली.

घाटाखाली नीरा आणि भीमा, दोन्ही गढूळ, दोन्ही फुगलेल्या. एकीचं पाणी कुठे संपतं आणि दुसरीचं कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. पायऱ्या आम्ही मोजत, हात धरून चढलो. गाभाऱ्यात पुजाऱ्यांनी किटली घेतली, कुणाची म्हैस ते विचारलं आणि काकूच्या नावानं दूध वाहिलं. हे देवापुढे उभे राहिले. प्रल्हादानं केलेली ही वाळूची मूर्ती, असं सगळे सांगतात. बाहेर एवढं पाणी आणि आत वाळूचा देव, मला त्याची उगाचच काळजी वाटली.

ह्यांना सगळी मूर्ती एकदम दिसणं शक्य नव्हतं. ते मुकुटापासून सुरुवात करून हळूहळू खाली आले, मग पुन्हा वर गेले, जसं वर्गात फळ्यावर चित्र काढताना जायचे. मागची रांग खोळंबली.

"दिसला," हे म्हणाले. "डोळ्यांपाशी थोडा जास्त थांबलो."

मी तिथेच खांबाला धरून रडले. लॅब चालवणाऱ्या बाईला शोभेल असं ते रडणं नव्हतं.

बारामती

परत येताना गाडी केली आणि ह्यांनी एका शब्दानं हरकत घेतली नाही. वाटेत काकूची किटली दिली, रिकामी देऊ नये म्हणून गुळाचा खडा घालून. पोतंही दिलं. ती म्हणत होती, पोतं ऱ्हाऊ द्या, पावसाचं लागंल. मी घेतलं नाही.

दिवाळीनंतर ऑपरेशन झालं. उजव्या डोळ्यात थोडा उजेड टिकलाय, पहिल्यापेक्षा कमी. माझा नवस देवानं अक्षरशः पाळला, दर्शनापर्यंत राहिलं आणि पुढचं आता आम्ही बघतोय. किटलीची हकीकत मी डॉक्टरांना सांगितली. ते हसले. नजर कमी होते तेव्हा मेंदू स्वतःच चित्रं काढून घालतो, पुष्कळांना होतं, घाबरायचं कारण नाही, असं म्हणाले.

"रिकाम्या जागा भरा," हे म्हणाले. मास्तरच शेवटी.

मलाही ते पटलं. पटवून घेतलं. पोत्यावरचा हिरवा छापा आणि माळावरचा दुधाचा वास ह्यांचं काय, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही.

आता रोज संध्याकाळी आम्ही कॉलनीतल्या रस्त्यावर फिरतो. सिमेंटचा सपाट रस्ता, चिखलाचं नाव नाही. मी शेजारी, त्यांचं कोपर माझ्या हातात. परवा असेच निघालो होतो, पावसाचे टपोरे थेंब पडायला लागले होते, आणि हे एकदम झपझप चालू लागले. ती चाल मी ओळखली.

"एवढी घाई कसली?"

"पुढं चाललंय ना कोणीतरी."

रस्ता मोकळा होता. लांब कोपऱ्यावर दिवा लागला होता, त्याच्याखालीही कोणी नव्हतं.

"कोण?" मी विचारलं.

"तू."

मी कोपर घट्ट धरलं. "आणि ही तुमच्या शेजारी कोण आहे मग?"

"तूही आहेस की," त्यांनी माझ्या हातावर थोपटलं, नजर समोरच ठेवून. "पण ती बरीच पुढं गेलीय. मध्येच थांबते माझ्यासाठी."

पावसाचा जोर वाढत होता. परत फिरावं असं मला वाटत होतं आणि पाय फिरत नव्हते. मग मी तेच विचारलं, जे त्या सगळ्या प्रवासात दारोदार विचारत हिंडले होते.

"तिकडं पुढं वाट कशी आहे हो?"

ह्यांनी जरा निरखून बघितलं.

"कोरडी आहे," ते म्हणाले. "अगदी कोरडी."